सीएसआरचे २४ लाख आणि ३४० घरांची वस्ती: निर्णय वस्तीकडे ठेवून पैसा कसा घ्यायचा?

गल्ली नंबर सात

पुण्यातल्या एका घोषित झोपडपट्टीच्या वस्ती समितीतर्फे विचारते आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

वस्ती महापालिकेच्या जागेवर आहे, घरं ३४०. बचत गट २२, त्यांचा वस्ती स्तर संघ आहे आणि संघाची नोंदणी होऊन सव्वा वर्ष झालं. १९० घरांत शौचालय नाही. एक भारतीय कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, २४ लाख रुपये द्यायला तयार आहे. त्यांचा प्रस्ताव असा: १२० घरांत शौचालयं बांधायची, सगळी ३१ मार्चच्या आत. कंत्राटदार त्यांचा, घरांची यादीही तेच ठरवणार, प्रत्येक दारावर कंपनीचं नाव.

एका शौचालयाचा अंदाज ३२,००० रुपये निघाला आहे. साहित्य १८,००० आणि मजुरी, दार, रंग मिळून १४,०००. म्हणजे २४ लाखांत १२० शौचालयं त्यांच्या हिशेबातही बसत नाहीत. उरलेला भार कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नाही.

गटातल्या बायकांचं म्हणणं आहे की १२० घरांना फुकट आणि ७० घरांना काहीच नाही, असं झालं तर वस्ती फुटेल. त्यापेक्षा काही रक्कम फिरत्या निधीत घ्यावी, म्हणजे एका घराने परत भरलेल्या पैशातून पुढच्या घराचं काम होईल. कंपनी म्हणते, असा निधी नियमात बसत नाही.

तर, पैसे थेट संघाच्या खात्यात येऊ शकतात का? फिरत्या निधीला खरोखर अडचण आहे का? आणि अशा कामात नेमकं बिघडतं कुठे?

नोंदवही

ताई, आधी पैसा कुणाच्या नावावर येईल ते बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

थेट संघाकडे येणार नाही. २०२१ पासून सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ ही केंद्र सरकारकडची नोंदणी लागते. त्याआधी आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, आणि संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. सव्वा वर्षाच्या संघाला हे जमणार नाही. मधे एक नोंदणीकृत ट्रस्ट घ्यावाच लागेल.

ट्रस्ट मधे आला की निर्णय ट्रस्टकडे जातो, हे मात्र अटळ नाही. कंपनी, ट्रस्ट आणि वस्ती स्तर संघ असा तिघांचा करार करा. कंपनी-ट्रस्ट करार वेगळा आणि संघाला नुसतं ‘सहकार्य पत्र’, हे मान्य करू नका. करारात पुढच्या गोष्टी शब्दशः याव्यात.

घरांची यादी वस्ती सभेत वाचून ठरावाने मंजूर होईल. इतिवृत्तावर प्रत्येक गल्लीतल्या दोघांच्या सह्या असतील. संघाच्या खरेदी समितीचं मागणीपत्र असल्याशिवाय ट्रस्ट कुठलंही बिल चुकवणार नाही. प्रकल्पाचं बँक खातं स्वतंत्र राहील आणि त्याचं मासिक विवरण संघाला मिळेल. अंदाजपत्रकातल्या एका शीर्षातले (खर्चाच्या बाबीतले) पैसे दुसऱ्या शीर्षात १५ टक्क्यांपर्यंत वळवायला तिघांच्या सहीची गरज नसेल, संघाचा ठराव पुरेल. सर्वेक्षणाची माहिती आणि नकाशा यांची प्रत संघाच्या मालकीची असेल. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि पुढच्या देणगीदारासाठी तेच सर्वेक्षण पुन्हा पहिल्यापासून करतात.

ट्रस्टने रक्कम उचलून संघाच्या खात्यात टाकायची, हा सोपा वाटणारा मार्ग टाळा. संघाला १२ए नसेल तर ती रक्कम ट्रस्टच्या हिशेबात धर्मादाय खर्च म्हणून धरण्यात अडचण येते. ट्रस्टने स्वतःच्या नावाने खरेदी करावी, काय आणि कुणाकडून घ्यायचं ते संघाने ठरवावं. ट्रस्टचा पैसा परदेशी देणगीचा असेल तर प्रश्न आणखी कडक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेला पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देता येत नाही.

रोखीचं एक लक्षात ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. गवंडी आठवड्याचा पगार रोख मागतात आणि इथेच ट्रस्टचा लेखापरीक्षक अडतो. गवंड्यांची खाती आधीच जमा करून ठेवा.

नावाच्या पाटीबद्दल: देणगीदाराचं नाव लावायला हरकत नाही. जीएसटीबाबत ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक आहे. नुसतं आभारादाखल नाव असेल आणि जाहिरात नसेल तर कर लागत नाही. पण घराघराच्या संडासाच्या दारावर कंपनीचं नाव, हे घरातल्या माणसांच्या मानाच्या विरुद्ध आहे. गल्लीच्या तोंडाशी एक पाटी पुरे, असं स्पष्ट सांगा. बहुतेक कंपन्या ऐकतात.

हिशेबनीस

फिरत्या निधीबद्दल कंपनी अर्धं बरोबर बोलते आहे. जानेवारी २०२१ पासून कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये (कायम राखून ठेवायच्या निधीत) दिलेली रक्कम सीएसआर खर्च धरली जात नाही. म्हणून ‘६ लाख निधीत ठेवतो’ असं लिहिलं की त्यांचा लेखापरीक्षक हरकत घेणारच.

उपाय असा: सीएसआरचा पैसा पूर्ण खर्च दाखवा आणि निधी लोकवाट्यातून उभा करा. कंपनीच्या पैशातून साहित्य येतं, घरात बसतं, तिथे त्यांचा खर्च संपला. ज्या घराला साहित्य मिळालं ते घर ठरलेला वाटा संघाच्या वेगळ्या खात्यात हप्त्याने भरतं. तो पैसा कंपनीचाही नाही, ट्रस्टचाही नाही. सीएसआर प्रकल्पातून उरलेली रक्कम त्याच प्रकल्पात किंवा सीएसआरच्याच कामात वापरावी लागते असाही नियम आहे. म्हणून करारात एक वाक्य घाला: ‘लोकवाटा वस्ती स्तर संघाच्या निधीत जमा होईल आणि फक्त याच वस्तीतल्या शौचालय व जोडणीच्या कामासाठी वापरला जाईल.’ मग दोन्ही बाजूंनी प्रश्न मिटतो.

आता आकडे. २४ लाखांतले २ लाख सर्वेक्षण, नकाशा आणि लेव्हल (जमिनीचा चढउतार) काढायला. ४ लाख ८० हजार एक वस्ती संघटक आणि एक देखरेख करणारा गवंडी यांच्यासाठी, दोघांचे मिळून महिना २४,००० प्रमाणे २० महिने. उरले १७ लाख २० हजार. त्यातले १ लाख अडीअडचणीला राखून ठेवले तर १६ लाख २० हजार. १८,००० प्रमाणे ते ९० घरांचं साहित्य झालं. मजुरीचे १४,००० घराने स्वतः उभे करायचे. साहित्य संस्थेचं, बांधकाम घरच्यांचं ही वाटणी पुण्यात नवी नाही. शेल्टर असोसिएट्स या संस्थेच्या ‘वन होम वन टॉयलेट’ कामाची रचना हीच आहे.

‘१२० वरून ९० वर आलो’ म्हणून घाबरू नका. सगळा खेळ लोकवाट्याचा आहे:

वाटा शून्य असेल तर ९० घरं, पुढे काही नाही.
वाटा ६,००० म्हणजे साहित्याच्या एक तृतीयांश असेल, तर ९० घरांच्या वाट्यातून ३०, त्या ३० मधून १०, त्यातून ३. एकूण १३३ च्या आसपास.
वाटा ९,००० म्हणजे निम्मा असेल, तर ९० मधून ४५, त्यातून २२, मग ११, मग ५. हे शेवटपर्यंत नेलं तर १८० च्या जवळ जातं. तुमची गरज १९० ची आहे.

यात पहिल्या घराला आणि शेवटच्या घराला एकच अट लागू आहे. वस्ती फुटेल अशी तुमची भीती आहे ना, तिचं खरं उत्तर हेच आहे. आधी मिळालेल्याला फुकट आणि नंतरच्याला कर्ज, असं कधीही करू नका. पहिली तुकडी हप्ते भरत नाही हे दिसलं की दुसरी भरतच नाही.

९,००० चे हप्ते ५०० रुपयांचे १८ ठेवले तर ९० घरांकडून महिन्याला ४५,००० येतील, म्हणजे दर महिन्याला अडीच घरांचं साहित्य. नवी घरंही भरायला लागतात. त्यामुळे सगळं वेळेवर आलं तर दीड वर्षात एकूण १४५ घरांपर्यंत पोचाल. पहिल्या ९० चे हप्ते संपले की वेग मंदावेल. हे सभेत आधीच सांगा, नाहीतर तेव्हा ‘पैसे कुठे गेले’ सुरू होतं.

पाचातला एक हप्ता बुडाला तर १८० ची १५० घरं होतात. ३० घरं कमी. थकबाकीच्या गप्पा मारताना टक्के सांगू नका, घरं सांगा. लोकांना ते लगेच पोचतं.

थकबाकी मोजायची पद्धत: ज्या घराचा हप्ता ३० दिवसांच्या वर थकला, त्या घराची उरलेली सगळी रक्कम थकीत धरा, नुसता चुकलेला हप्ता नाही. ही बेरीज एकूण येण्याच्या ५ टक्क्यांवर गेली की गल्लीच्या बैठकीत विषय घ्या. १० टक्क्यांवर गेली की त्या गल्लीत नवीन साहित्य थांबवा. पूर्ण वस्तीत थांबवू नका, नियमित गल्लीला शिक्षा होते.

संघटकाचे २० महिने संपल्यावर हिशेब कोण ठेवणार? प्रत्येक हप्त्यामागे २५ रुपये सेवाशुल्क ठेवा. ९० हप्त्यांवर महिन्याला २,२५० होतात. गटातल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला अर्धवेळ लेखनिक म्हणून तेवढे देता येतात. कागदपत्रं कमीत कमी ठेवा, पण जी ठेवाल ती पक्की: क्रमांक छापलेलं पावती पुस्तक, रोजकीर्द, घरनिहाय खतावणी आणि घराच्या हातात पासबुक. पासबुक आणि खतावणी दर तीन महिन्यांनी दुसऱ्या गल्लीतल्या बाईने जुळवायची. अपहार सहसा मोठ्या चोरीतून होत नाही. हप्ता घेतला, पासबुकात लिहिला, रोजकीर्दीत ‘उद्या लिहू’ म्हणून राहिला, इथून तो सुरू होतो. जमा झालेली रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत गेलीच पाहिजे.

गल्ली नंबर सात

मनापासून आभार. निम्म्या वाट्याचं गणित उद्याच्या बैठकीत फळ्यावर मांडते.

दोन गोष्टी राहिल्या. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की पगारावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही. मग संघटकाचे ४ लाख ८० हजार कसे बसणार? आणि दुसरी एक देणगीदार संस्था १० लाख बिनव्याजी देऊ म्हणते, तीन वर्षांनी परत. ते घ्यावेत का?

सीएसआर बाजूने

५ टक्क्यांचा गैरसमज फार पसरला आहे आणि त्यापायी चांगल्या प्रकल्पांचे पाय मोडतात. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे: त्यांचा सीएसआर विभाग, त्याचं सर्वसाधारण व्यवस्थापन. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतूनच वगळला आहे. संघटकाचं मानधन हा अंमलबजावणीचा थेट खर्च आहे. अंदाजपत्रकात ‘प्रशासन’ किंवा ‘पगार’ असं शीर्ष लिहू नका. ‘वस्ती संघटन आणि बांधकाम देखरेख’ असं लिहा आणि समोर काम लिहा: गल्ली बैठका, यादी, मोजमाप, हप्ता वसुली. म्हणजे वाचणाऱ्याला शंका उरत नाही.

आता ३१ मार्च. तुमच्या प्रस्तावातली सर्वांत घातक अट हीच आहे आणि ती हलवता येते. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ (अनेक वर्षं चालणारा प्रकल्प) म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं मिळतात. न खर्च झालेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनी स्वतःच्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात वळवते आणि तिथून पुढे देते. तसं मंजूर केलं नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत पंतप्रधान मदत निधीसारख्या ठरलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून अधिकारी मार्चमध्ये घाई करतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, मंजुरीचा प्रकार बदलून घ्या. मात्र हे करार होण्याआधीच करायचं. फेब्रुवारीत सुचवलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

कंपनीला शेवटी काय लागतं? रक्कम ठरल्या कामावर खर्च झाली, हे वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. त्यांना तेवढं वेळेवर द्या: तिमाही खर्च विवरण, लेखापरीक्षकाचं उपयोगिता प्रमाणपत्र, घरनिहाय यादी, आधीचा आणि नंतरचा फोटो. फोटोत माणसं नकोत, बांधकाम हवं. स्वच्छ भारत अभियानाचं अनुदान घेतलेली घरं यादीत वेगळ्या रंगाने दाखवा. एकच शौचालय दोन ठिकाणी मोजलं गेलं असं तपासणीत निघालं, की पुढचा हप्ता तिथेच अडकतो, मग चूक कुणाचीही असो.

मालमत्तेचा प्रश्न त्यांचा कायदा विभाग काढेल. सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता तीन ठिकाणीच राहू शकते: सीएसआर नोंदणी असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचत गट किंवा सामूहिक संस्था, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरण. दुसऱ्या प्रकारात तुमचा संघ बसतो, आणि त्यासाठी संघाला सीएसआर-१ ची अट नाही. जे काही सामायिक असेल, म्हणजे पंप, टाकी, अवजारं, ते पहिल्या दिवसापासून संघाच्या नावे हस्तांतरित होईल असं लिहून घ्या.

नोंदवही

परतीच्या १० लाखांबद्दल. घाईने घेऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिनव्याजी म्हणजे कर्ज नव्हे, असं होत नाही. परवानगीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं.

शिवाय हप्ते थकले तर तोटा कुणाचा, हे ठरवल्याशिवाय परतीचा पैसा वस्तीत आणायचाच नाही. देणगीदाराने पहिल्या १५-२० टक्क्यांचा तोटा सोसायची लेखी तयारी दाखवली तर विचार करा. नाहीतर तीन वर्षांनी संघाच्या बायका स्वतःच्या गटातली बचत काढून देणगीदाराचं देणं फेडतील.

उतार

वर सगळं पैशाचं झालं. कामाचं कुणी बोललं नाही. १९० शौचालयांचं मैलापाणी जाणार कुठे?

तुमच्या २४ लाखांत ड्रेनेज लाइन कुठेच नाही. कंपनीच्या कंत्राटदाराने त्याचं उत्तर मनात ठरवलेलं असतं: पाइप जवळच्या उघड्या गटारात किंवा नाल्यात सोडायचा. मार्चमध्ये फोटो छान येतात, जूनमध्ये गल्लीत मैला तरंगतो. साहित्य घेण्याआधी प्रत्येक गल्लीची लेव्हल काढा.

घरापासून चेंबरपर्यंत ४ इंची पाइप, गल्लीत ६ इंची. ६ इंचीला निदान १०० ला १ उतार हवा, घरं कमी आणि पाणी कमी असेल तर ६० ला १ धरलेला बरा. गल्ली ६० मीटर लांब आहे असं समजा. ६० ला १ ने टोकापासून मुख्य लाइनपर्यंत पाइप १ मीटर खाली उतरतो, १०० ला १ ने ६० सेंटिमीटर. वरच्या टोकाला पाइपवर निदान फूटभर भर हवी. म्हणजे पाइपचे स्वतःचे सहा इंच धरून महापालिकेच्या चेंबरचा तळ, उताराप्रमाणे, साधारण १.०५ ते १.४५ मीटर खोल असला तरच ही गल्ली जोडता येते. चेंबरचं झाकण उघडून टेपने तळ मोजा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि त्यावरच ती गल्ली यादीत येणार की नाही ते ठरतं. चेंबर उथळ असेल तर त्या गल्लीची घरं सध्या यादीत घेऊ नका. महापालिकेकडून मुख्य लाइन खोल होईपर्यंत तिथे शौचालय बांधणं म्हणजे घरात मैल्याची टाकी बांधणं.

गल्लीतली लाइन महापालिकेनेच टाकावी, देणगीच्या पैशातून टाकू नका. जागा त्यांची, वस्ती घोषित, नागरी वस्ती सुधारसारख्या योजना आणि प्रभागाचा निधी याचसाठी असतो. देणगीचा पैसा तिथे वापरला की महापालिका त्या गल्लीतून कायमची अंग काढून घेते आणि पुढे तुंबलेली लाइन ‘आमची नाही’ म्हणते. नकाशा, लेव्हल आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची सही असलेला अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर अभियंत्याचं अंदाजपत्रकाचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं. हिशेबनीसांनी सर्वेक्षणाला ठेवलेले २ लाख म्हणूनच सर्वांत मोलाचे आहेत.

प्रत्येक वळणावर आणि जोडावर चेंबर हवा. अरुंद गल्लीत दीड फूट बाय दीड फूट चालेल, पण झाकण एका माणसाला उचलता आलं पाहिजे. मोरीचं पाणी त्याच लाइनला जोडणार असाल तर मधे जाळीचा ट्रॅप हवाच. भांडी घासायची राख आणि भाताची शितं यांनीच लाइन जास्त तुंबते.

नळाला तासभरच पाणी येत असेल तर भांडं निवडताना फ्लशच्या टाकीचं विचारू नका. तीव्र उताराचं, उथळ ट्रॅपचं पॅन घ्या. ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. नेहमीच्या पॅनला बादलीभर लागतं. हंड्याने पाणी भरणाऱ्या बाईला हा फरक रोज जाणवतो.

काम ताब्यात घेताना: एका चेंबरमध्ये टॉर्च धरा, दुसऱ्यात आरसा. आरशात प्रकाशाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धाच दिसला तर मधे पाइप बसलाय किंवा वाकलाय. खड्डा उघडा असतानाच हे करा. गवंड्याची २० टक्के रक्कम ही तपासणी आणि घराची सही होईपर्यंत रोखून ठेवा.

फेडरेशनवाला

या प्रश्नाचा थोडा मागचा इतिहास उपयोगी पडेल, कारण ‘पैसा बाहेरचा, निर्णय वस्तीचा’ हे आपल्याकडे आधी मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे.

मुंबईत १९८४ साली स्पार्क ही स्वयंसेवी संस्था सुरू झाली. पुढे जॉकिन अर्पुथम यांचं नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं महिला मिलन असे तिघे एकत्र आले. त्यांनी आधी बचत उभी केली, मग गणती, मग नकाशा. पैसा त्यानंतर. बांधकामासाठी १९९८ मध्ये ‘निर्माण’ ही वेगळी ना-नफा कंपनी काढली. २००२ पासून ‘क्लिफ’ नावाच्या सुविधेतून ब्रिटिश आणि स्वीडिश सरकारांचा पैसा तिच्यामार्फत वापरला गेला. कल्पना साधी होती: बँक वस्तीच्या संस्थेला कर्ज देत नाही आणि सरकारी बिल काम झाल्यावर निघतं, तर मधला काळ या पैशाने भरून काढायचा. अडचणही तिथेच आली. बिलं आणि टीडीआर (मोबदल्यात मिळणारे, विकता येणारे बांधकाम हक्क) उशिरा निघाले की भांडवल अडकून पडायचं. म्हणून ‘महापालिका नंतर देईल’ या भरवशावर तुमचा साहित्याचा पैसा लाइनीत गुंतवू नका. उतार यांनी लिहिलं त्याला हे आणखी एक कारण.

लोकवाट्याबद्दल: मुंबईच्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात सामुदायिक शौचालयासाठी प्रौढ माणशी १०० रुपये, कुटुंबामागे कमाल ५००, असा वाटा बांधकामाआधी बँकेत जमा करायचा होता. आधी, हे महत्त्वाचं. तुमच्या ९,००० मधले पहिले दोन हप्ते, १,००० रुपये, साहित्य दारात येण्याआधी घ्या. जे घर तेवढे भरू शकत नाही ते पुढचे सोळा भरणार नाही, आणि ते नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. त्या घरासाठी गटातून अंतर्गत कर्ज किंवा लांब मुदत असा वेगळा विचार सभेने करावा, नाव वगळू नये.

रकमेच्या आकाराबद्दल एक उदाहरण बाहेरचं. एशियन कोएलिशन फॉर हाउसिंग राइट्स या आशियातल्या संस्थांच्या जाळ्याने २००९ च्या सुमारास गेट्स फाउंडेशनच्या पैशातून आक्का हा कार्यक्रम चालवला. एका शहराला छोट्या कामांसाठी १५,००० डॉलर, पण एका कामाला कमाल ३,०००, म्हणजे किमान पाच वस्त्या एकाच वेळी कामाला लागणार. रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवली की कंत्राटदाराला त्यात रस नसावा आणि वस्तीला स्वतःच मोजमाप, खरेदी आणि मजुरी जमवावी लागावी. तुम्हीही ९० घरांचं साहित्य एका बिलात घेऊ नका. ज्या दोन गल्ल्यांची लेव्हल जमते तिथे पहिली १५ घरं घ्या. भाव, गवंडी, हप्ता, तपासणी सगळं त्यात कळेल. मग २५ ची तुकडी, मग उरलेली. पाइप आणि पॅन मात्र तुकडीपुरते घाऊक घ्या, तीन दुकानांचे दर लेखी मागवा आणि दरपत्रक समाज मंदिराच्या भिंतीवर लावा.

गल्ली नंबर सात

मोजमापाला येत्या रविवारी सुरुवात करतो. एकच शेवटचं: १९० पैकी ४० च्या आसपास घरांत भाडेकरू आहेत. त्यांचं काय?

हिशेबनीस

भाडेकरूचं घर यादीतून काढू नका, शौचालय वापरणारी माणसं तीच आहेत. पण मालमत्ता मालकाची वाढते, म्हणून लोकवाटा आणि मजुरी मालकाने भरायची. सोबत साध्या कागदावर, संघाच्या शिक्क्याने, त्याचं लेखी घ्या की पुढची दोन वर्षं या कारणाने भाडं वाढणार नाही आणि भाडेकरूला घर सोडायला सांगितलं जाणार नाही. कोर्टात याचं किती वजन पडेल हा भाग वेगळा, गल्लीत पडतं. मालक सही करत नसेल तर ते घर शेवटच्या तुकडीत टाका आणि कारण यादीत लिहा.

आणि यादी ठरवण्याआधी झोपुप्राकडे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे) वस्तीच्या नावाने कुठला प्रस्ताव दाखल आहे का ते लेखी विचारा. प्रस्ताव असेल तर ज्या गल्ल्या आधी हलणार, तिथे साहित्य बसवण्यापेक्षा आहे ते सार्वजनिक शौचालय दुरुस्त करून घ्या. पुनर्वसनाच्या यादीसाठी घराघरांचे पुरावे गोळा करायचं काम त्याच संघटकाकडे द्या.